दुसरा चॅनल

सुजयने रोह्यातल्या आपल्या स्टुडिओत दोन माइकचे आवाज वेगवेगळे घेणारा दोन चॅनलचा नवा प्रीअँप आणला, त्याच आठवड्यात जवळच्या वरसे गावाहून एलियासकाका आणि दीनाकाकू आले. त्यांची मुलगी शीरा इस्रायलला गेल्यापासून सहा वर्षांत एकदाही फिरकली नव्हती. तिला सणाला गाणं पाठवायचं होतं. एका चॅनलवर काका गाऊ लागले. दुसऱ्यावर काकूंनी साथ द्यायची, तर त्या पुटपुटत राहिल्या, "अहो, कडवं चुकलात. हा घसा हाय का धाटावच्या कंपनीचा भोंगा?"

बारीक आवाज उचलून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने ते पुटपुटणं गाण्याइतकंच मोठं केलं. वैतागून सुजयने दुसरा चॅनल बंद केला, इक्वलायझरने काकांची खरखर काढली आणि डिजिटल आउटपुटवरून स्वच्छ उतरलेल्या गाण्याची कॅसेट करून दिली.

कॅसेट ऐकून शीराला फोन करायचाही धीर झाला नाही. मिळेल त्या विमानाने ती आली आणि दारात आईला पाहून तिला घट्ट धरून म्हणाली,

"बाबा गातायत आणि तू मध्ये एकदाही बोलली नाहीस. मला वाटलं, तू गेलीस."



शीरा इस्रायलला परत गेली. पुढच्या सणाला एलियासकाका पुन्हा स्टुडिओत आले आणि म्हणाले, "सुजय, यंदा माझा चॅनल बंद ठेव."