फौजदारांच्या घरात विजया

केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर मंदाकिनीबाईंच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी जोडीला विजयाचे थेंब लिहून दिले आणि ते कशाचे असतात तेही नीट समजावून सांगितलं. घरी येताना बाईंनी थेंबांची बाटली पिशवीच्या तळाशी ठेवली. त्यांचे यजमान, निवृत्त फौजदार शेडगे, यांची तीस वर्षं उसाच्या फडात लपवलेली गांजाची झाडं उपटण्यात गेली होती.

"आयुर्वेदिक आहेत," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

तिसऱ्या केमोनंतर त्यांनी चक्क पिठलं-भात मागितला, खाल्ला आणि तो पोटात राहिलाही. शेडगे इतके हरखले, की चिठ्ठी घेऊन दुसरी बाटली आणायला स्वतःच दुकानात गेले. परतले ते घामाघूम होऊन.

"दुकानदार म्हणाला, विजया म्हणजे भांग. गांजाचंच झाड. तुला ठाऊक होतं?"

"होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायद्यानं मिळतात. पण तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर तुम्ही पंचनामाच केला असता."

शेडगे खुर्चीत बसले. समोर बायको, कोणी आग्रह न करता, दुपारचा उरलेला भात वाढून घेत होती.

"पुढचे थेंब किती वाजता?" त्यांनी हळूच विचारलं.

"सातला."

सातच्या ठोक्याला शेडग्यांनी आधी दाराला कडी घातली, मग चष्मा चढवून चमच्यात थेंब मोजले.