धुतलेली टाकी

"टाकी तीनदा धुवा हं, नाना. तणनाशकाचा थेंब जरी राहिला, तरी कपाशी हातची जाते," ट्रॅक्टरचा फवारणी पंप वापरायला देताना शेजारच्या वामनरावांनी बजावलं होतं.

उसातलं तण मारून होईतो नाना घामाघूम झाले. आता विहिरीवरून पाणी कोण आणणार? त्यांनी नळ्यांच्या लांब दांड्या दुमडल्या, टाकी वरून फडक्यानं पुसली. गेली तर त्याची कपाशी जाईल! "चकाचक धुतलीय," म्हणत पंप परत केला.

दुसऱ्या दिवशी नाना लग्नाहून परतले, तर बांधावर वामनराव हसतमुख उभे. "तुमच्या कपाशीवर मावा दिसला. म्हणून आधी तुमचंच रान फवारून घेतलं."

नानांचे दोन्ही हात कपाळाशी गेले.

"अहो, आभार कसले मानता? टाकी धुऊन दिलीत, म्हणून लगेच औषध भरता आलं."