निम्मा घाट

घाटमाथ्यावरच्या देवीपुढे सासऱ्यांनी नारळ वाढवला, खोबरं रुमालात बांधलं आणि ते पिकअपमध्ये सुनेशेजारी बसले. घाट उतरल्याशिवाय ते प्रसाद खात नसत.

मागे जोडलेल्या ट्रॉलीवर जनरेटर होता. असंच ओझं ओढताना ब्रेक तापून निकामी झाले आणि याच घाटातल्या वळणावर त्यांचा मुलगा गेला होता.

उतार लागला तसा त्यांचा पाय समोरच्या पत्र्यावर रुतला. "ब्रेक दाब, पोरी!"

"दाबून दाबूनच तापतो, मामंजी." तिनं खालचा गिअर टाकला, इंजिनाच्याच जोरावर गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. इंजिन घुमलं. मागून जनरेटर रेटत असतानाही गाडीचा वेग पडला.

ते वळण आलं आणि सावकाश मागे गेलं. तिनं ब्रेकला पाय लावलाच नाही.

निम्मा घाट अजून बाकी होता. सासऱ्यांनी सीटवर मांडी घातली, रुमाल सोडला आणि खोबऱ्याचा तुकडा सुनेपुढे धरला.