सात नंबरचं टोपण

तिसऱ्या लढतीत पिंकी पुन्हा चुकली. स्नेहलने डावीकडे नुसती हूल दिली, पिंकी तिकडे झुकली आणि उजव्या बाजूने पाठीवर आदळली.

"दिमाग कुठं राहते तुझा?" केशोराव सर ओरडले. "पहिल्या दोन लढतीत वाघीण, तिसऱ्यात शेळी! स्नेहलकडे पाह्य जरा."

पिंकी गेले कित्येक दिवस स्नेहलकडेच पाहत होती.

कुडव्याच्या त्या ज्युडो हॉलमध्ये नीलाताईचा प्रयोग सुरू होऊन बारा दिवस झाले होते. नीलाताई एम.एस्सी. करत होती. दिवसात तिसऱ्यांदा लढताना शरीराआधी डोकं थकतं का, आणि अमिनो आम्लांच्या पावडरने ते सावरतं का, हे तिला बघायचं होतं. दुसऱ्या लढतीनंतर दहा मुलींना दहा पांढऱ्या बाटल्या मिळत. काहींत पावडर, काहींत नुसता स्टार्च. चव सगळ्यांची लिंबाची. कोणाला काय, ते नीलाताईलाही माहीत नव्हतं. ती यादी नागपूरला तिच्या सरांकडे बंद पाकिटात होती. बाटलीवर नाव नसे, टोपणावर फक्त नंबर. पिंकीचा चार, स्नेहलचा सात.

तिसरी लढत झाली की लॅपटॉपवर चाचणी. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात दिसला, तर बटण हिरवं दाबायचं. पिंकी लाल दाबायची. स्नेहल चुकत नसे.

शेवटी एक फॉर्म. त्यात एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर आकड्यात देता येत नसे: तिसऱ्या लढतीत मनात काय होतं? पिंकी रोज लिहायची, 'थकवा'. ते खरं नव्हतं.

दोघी एकाच खोलीवर राहायच्या. स्कूटी पिंकीची. स्नेहल मागे बसून तिच्या खांद्यावर हात ठेवायची.

"तिसऱ्या लढतीत तुले काय वाटते वो?" त्या संध्याकाळी पिंकीने विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"भूक लागते."

स्नेहल हसली. पिंकीला ते हसणं मानेवर जाणवलं. शनिवारी निवड होती. अठ्ठेचाळीस किलोच्या गटातून राज्य स्पर्धेला एकच जाणार होती. वर्षभरापूर्वी स्नेहलला या हॉलमध्ये पिंकीनेच आणलं होतं. पट्टा कसा बांधायचा, तेही तिनेच शिकवलं होतं.

बारा दिवस स्नेहलची रोज सुधारणा. पिंकीला आता शंका उरली नव्हती. खरी पावडर सात नंबरात होती.

शनिवारी दोघींनी पहिल्या दोन्ही लढती जिंकल्या. तिसरी त्यांच्यातच होती. मध्ये अर्धा तास होता. नीलाताईने टेबलावर बाटल्या मांडल्या आणि ती लॅपटॉपची वायर शोधायला गेली. सर वजनाच्या नोंदी तपासत होते. भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर स्नेहल पाठमोरी उभी राहून पट्टा बांधत होती.

पिंकीने चारचं टोपण काढलं, सातचं काढलं. दोन्ही एकमेकांच्या बाटलीवर लावली. पाच सेकंदही लागले नाहीत.

"नंबर पाहून घ्या गं," नीलाताई परत येऊन म्हणाली.

स्नेहलने सात नंबर उचलला. क्षणभर बाटली हातात धरली आणि एका दमात संपवली. पिंकीने चार संपवला. लिंबाची तीच चव, पण पिंकीला वाटलं, डोक्यात दिवा लागला.

लढत दोन मिनिटंही चालली नाही. स्नेहलची पकड सैल होती. एकदा तर तिने पकड सोडून पिंकीच्या तोंडाकडे पाहिलं. पिंकी आत शिरली, तिला पाठीवर घेतलं आणि मॅटवर टाकलं.

"शाब्बास!" सर ओरडले. "आज डोकं आणलं का बे घरून?"

चाचणीतही पिंकी एकदाच चुकली. स्नेहल अकरा वेळा.

परतताना स्नेहल स्कूटीवर मागची दांडी धरून बसली.

"जीतली तू," ती म्हणाली. "चांगलं झालं."

"नाराज आहेस काय?"

"नाही वो. गाडी पाहून चालव."

सोमवारी पिंकी हॉलवर आली तेव्हा नीलाताई एकटीच लॅपटॉपसमोर बसली होती.

"बरी आलीस. तुझं वाचन स्पष्ट आहे. आकडे मी कालच पाठवले, म्हणून नागपूरच्या सरांनी पाकीट उघडलं. आता मनात काय होतं, ती उत्तरं तेवढी टाइप करायची राहिलीत."

"पाकीट उघडलं?" पिंकीने सहज विचारल्यासारखं विचारलं. "मग सात नंबर काय होता?"

"सात स्टार्च. चार अमिनो."

पिंकी खुर्चीवर बसली.

"मलाही नवल वाटलं," नीलाताई म्हणाली. "चौदा दिवस पावडर तुला आणि सुधारली ती. पावडरने काही केलं, असं मला तरी म्हणवत नाही."

पिंकीच्या मनात हिशेब जुळायला थोडा वेळ लागला. शनिवारी खरी पावडर स्नेहलच्या पोटात गेली होती, आणि आपण नुसत्या स्टार्चवर जिंकलो होतो. म्हणजे चोरीत काही मिळालंच नव्हतं. जे होतं ते आपलंच होतं. कितीतरी दिवसांनी तिला छातीत मोकळं वाटलं. स्नेहलला आज नाश्त्याला न्यावं, असंही मनात येऊन गेलं.

"वाच," फॉर्मचा गठ्ठा पुढे करत नीलाताई म्हणाली. "सात नंबर. पहिला दिवस."

"काही नाही."

"दुसरा?"

"काही नाही." पिंकी हसली. "सगळीकडे तेच आहे ताई. काही नाही, काही नाही. एका ठिकाणी भूक."

"आणि शनिवार?"

पिंकीने शेवटचा फॉर्म उलटला. अक्षर तेच होतं, गोल आणि ठळक.

"वाच ना."

'पिंकीनं टोपणं बदलवली, आरशात दिसलं. बाटली मांगतली असती तं मीच देली असती.'