झुकतं माप

आईने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ‘माझे डोळे चालले. तीन दिवस झाले, तुझे हात धूसर दिसतात. ताईला सांगू नकोस.’

ऑफिसात बसलेल्या मुलाने ते दोनदा वाचलं. आई जन्मापासून बहिरी. हातांनी बोलायची, डोळ्यांनी ऐकायची. डोळेच गेले तर तिला राहिलं काय?

तीन दिवसांपूर्वी त्यानेच मोठ्या कौतुकाने व्हिडिओ कॉलची नवी आवृत्ती तिच्या फोनवर चाचणीसाठी घातली होती. त्याचा गट वर्षभर त्या आवृत्तीसाठी खपला होता. नेटवरून जाणारा डेटा मोजका. म्हणून चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि माणूस जिथे बघतो त्या चौकोनांना झुकतं माप द्यायचं, म्हणजे चेहऱ्याला. बाकीच्यांनी उरल्यासुरल्यावर भागवायचं.

आईने कागद ठेवला आणि ती हातांनी काहीतरी बोलू लागली. तिच्या डोळ्यांभोवतीची सुरकुती न् सुरकुती स्वच्छ दिसत होती. हातांच्या जागी नुसतं धुकं.

तीन दिवस तो खराब नेटला दोष देत होता. मग घाईघाईने त्यानेही लिहून कागद धरला. ‘माझा चेहरा दिसतो?’

‘न दिसायला काय झालं? हनुवटीखाली दाढीचे चार केस राहिलेत.’

त्याचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारची सहकारी दचकली.

“आईचे डोळे ठणठणीत आहेत,” तो म्हणाला. “आंधळे आपण. सगळं चेहऱ्याला दिलं, हात उपाशी ठेवले.”

“पण हातांकडे बघतं कोण?” ती म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली.

“अगं, मी बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकलो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!”

दोघांनी मिळून हलत्या हातांचं माप वाढवलं. सुधारलेली आवृत्ती आईच्या फोनवर पाठवून तिला पुन्हा कॉल लावला.

‘तुझे डोळे छान आहेत. चूक माझी होती,’ त्याने हातांनी सांगितलं.

आई त्याच्या बोटांकडे बघत राहिली. तिने एक लांब श्वास सोडला. मग तिचे दोन्ही हात जे सुटले ते थांबेचनात.

“काय म्हणतायत?” सहकारिणीने विचारलं.

“शिव्या घालतेय,” तो डोळे पुसत म्हणाला. “एकूण एक दिसतायत.”