काचपट्टी

मी विद्यापीठात स्थापत्य शिकवते. भावाच्या घराचा पाया बघून चार गोष्टी सांगितल्या म्हणून कुलसचिवांनी माझी बढती अडवली होती. “बाहेर सल्ला द्यायला परवानगी लागते. फुकट दिलात तरी तो सल्लाच,” भर बैठकीत सुनावलं होतं. आज तेच मला घरी बोलावून भिंतीतली भेग दाखवत होते. गवंड्याने भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली होती; भिंत हलली की ती तुटते. तिचे दोन तुकडे झाले होते. “मॅडम, घाबरण्यासारखं काही नाही ना?” “परवानगी लागेल, सर.” “अहो, ती मीच देतो!” “मग उद्या अर्ज टाकते. तुमच्या टेबलावर लोळू दे महिनाभर.” त्यांची म्हातारी आई त्याच भिंतीला टेकून बसली होती. “चला आजी, बाहेर बसू,” म्हणत मी त्यांना हाताला धरून नेलं. कुलसचिवांना मात्र भिंतीशीच उभं ठेवलं.