पुलावरचा बिबट्या

नरेंद्रने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला दिनानाथांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

'दिनानाथराव, वाचनालयात तो खोट्या बातम्या ओळखायचा वर्ग केलात ना? मग सांगा, हा बिबट्या खरा की खोटा?'

खाली फोटो होता. छोटा पूल, कठड्यावर बसलेला बिबट्या, मागे झाडं. सोबत दोन ओळी : 'बारवी रोड, वाडीच्या नाल्यावर. अंधार पडल्यावर तिकडे फिरकू नका.'

दिनानाथांनी त्या ग्रुपवर कधी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दिल्या नव्हत्या. लिहायचे, वाचायचे, पुसून टाकायचे. आज मात्र त्यांना खुर्चीत बसवत नव्हतं.

"उमा, ही झाडं बघ."

"बघितली," उमाताई कणीक मळता मळता म्हणाल्या. "झाडं आहेत."

"चीडची आहेत, म्हणजे पाइनची. हिमालयाच्या बाजूची. आपल्याकडे साग, ऐन, फार तर पळस. बदलापुरात चीड कुठून आला?"

"बिबट्याने आणला असेल."

वर्ग घेणाऱ्या रुचिकाने शिकवलं होतं तसा त्यांनी तो फोटो इंटरनेटवर शोधायला टाकला. क्षणभर चक्र फिरलं आणि एका पहाडी गावातलं हिंदी वर्तमानपत्र उघडलं. बातमी कित्येक वर्षांपूर्वीची. तोच पूल, तोच बिबट्या, कठड्याचा तोच उडालेला कोपरा.

दिनानाथ उठले, बसले, पुन्हा उठले.

"लिहा की मग," उमाताई म्हणाल्या.

"माझंच चुकत असेल तर?"

"अहो, झाड ओळखायला तुम्ही कधी चुकलात?"

तेवढ्यात नरेंद्रचाच फोन आला. "काय, लागला पत्ता?"

"म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक नको. आणि ही पुडी सोडली कोणी तेही काढा. पोलिसांतच देतो त्याला. लोक टरकलेत, संध्याकाळी रिक्षावाले तिकडे जायला तयार नाहीत."

रुचिका म्हणायची, फोटो ज्याने पाठवला त्याला विचारा, त्याच्याकडे कुठून आला. दिनानाथांनी चपला घातल्या.

नरेंद्रला तो अमितच्या सलूनमधून आला होता. अनोळखी माणसाशी बोलणं दिनानाथ टाळायचे. पण आज कापायला केस नसतानाही ते खुर्चीत बसले आणि विचारून मोकळे झाले. अमितला फोटो कुळगावच्या रिक्षा स्टँडवरून मिळाला होता. स्टँडवर याने त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याने तिसऱ्याकडे. शेवटी सगळी बोटं साईनाथवर येऊन थांबली.

साईनाथ नाल्याकाठच्या त्या वाडीचाच. त्याची आई पुतळी दिनानाथांच्या दारावर रानभाजी विकायला यायची.

"तुला कोणी पाठवला रे?"

साईनाथने मोबाइल खिशात घातला. "काका, बसा रिक्षात. आईशीच बोला."

वाटेत दिनानाथ मनातल्या मनात उत्तर रचत होते. आधी झाडं, मग वर्तमानपत्र, मग कठडा. ओठ हलत होते. आरशातून साईनाथ बघतोय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

वाडीच्या वेशीवर वाघोबाच्या दगडाला ताजा शेंदूर होता. पुतळी नाल्यात खेकडे धरत होती. नातवंडं पाण्यात डुंबत होती. दिनानाथांनी काठावरूनच हाक मारली.

"पुतळीबाई, आता भिऊ नका. बिबट्या नाहीच."

"कोन भ्यालाय?" पुतळी म्हणाली.

ते दगडांवरून घसरत खाली उतरले. तिच्यापुढे मोबाइल धरून सगळं सांगितलं, पहाड, चीड, वर्तमानपत्र. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि हा साईनाथने पसरवला," ते जरा अवघडून म्हणाले.

"त्यानीच. मीच सांगतला त्याला."

दिनानाथांनी मोबाइल खाली घेतला.

"गेल्या साली या पोरांच्या अंगावर फोड व्हते," पुतळी म्हणाली. "उमावहिनीनी मलम दिला नाय का? टँकर यायचा कंपनीचा, घान पानी घेऊन. अंधारात हितं नळी सोडायचा. म्हस मेली माजी. अर्ज दिला. सायेब आले, बाटलीत पानी भरून नेला. ती बाटली गेली ती गेली."

"आणि आता?"

"दोन म्हयने फोटो फिरतोय, आता डायवर गाडीतून उतरत नाय. नळी सोडाया उतराया लागतो ना."

साईनाथ हसला. पुतळी नाही हसली.

"पण हे खोटं आहे, पुतळीबाई. लोक माझ्या उत्तराची वाट बघतायत."

"मंग लिव. तू शिकलेला हाईस." तिने खेकडा उचलून त्यांच्यापुढे धरला. "ह्यो बघ. म्हस मेल्यापासून दिसला नव्हता."

खेकड्याने नांगी उघडली, मिटली. वरच्या अंगाला एक पोरगी ओंजळीने पाणी प्यायली आणि उरलेलं भावाच्या डोक्यावर ओतलं.

मोबाइल वाजला. नरेंद्र : 'दिनानाथराव, सगळे थांबलेत.'

साईनाथ रिक्षाची चावी नुसती बोटात फिरवत राहिला.

दिनानाथ एका खडकावर बसले. त्यांनी लिहिलं, एकदा वाचलं, आणि या वेळी न पुसता पाठवून दिलं :

'फोटो नीट तपासला. आपल्याच नाल्यावरचा आहे. पहिल्यांदा कोणी पाठवला ते सापडत नाही. अंधार पडल्यावर तिकडे गाडी नेऊ नये. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.'